प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : दोनशे चाळीस जणी पुरतील का?

प्रश्न : निपाणी परिसरातल्या १२ गावांतून प्रत्येकी २० विडी कामगार महिलांची मुलाखत घेऊन जुनाट खोकल्याचे प्रमाण काढायचे आहे. एवढा नमुना पुरेल का? प्रश्नावली कन्नडमध्येही हवी का?
– एक संशोधक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : २४० हा आकडा भरघोस वाटतो, पण एका गावातल्या महिलांची हवा, चुलीचा धूर, कामाची पद्धत बरीचशी सारखी असते, म्हणून उत्तरेही मिळतीजुळती येतात. हे साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.०५ धरले तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे गावागावाने नमुना घेतल्यामुळे माहितीचे मोल किती पटीने घटते तो आकडा, १ + (२० − १) × ०.०५ = १.९५. म्हणजे २४० जणींकडून जेमतेम १२३ स्वतंत्र महिलांइतकीच माहिती मिळते. समजा ३६ जणींना, म्हणजे १५ टक्क्यांना, त्रास निघाला. गावे विसरून गणित केले तर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरे प्रमाण ज्यात असावे असा अंदाजाचा पट्टा, १०.५ ते १९.५ टक्के येतो, गावे धरली की साधारण ८.७ ते २१.३. त्यापेक्षा २४ गावांतून दहा-दहा जणी घ्या. फिरणे वाढेल, पण त्याच २४० जणींचे मोल १६५ वर जाईल. सॉफ्टवेअरमध्ये गाव हे क्लस्टर (गट) म्हणून नोंदवायला मात्र विसरू नका.

याहून मोठा धोका यादीत आहे. ठेकेदाराकडच्या यादीत आज काम करणाऱ्याच सापडतात. खोकल्याने काम सोडलेल्या तिच्यात नसतात आणि आजार खोटाच कमी दिसतो. म्हणून घरोघरी यादी करा, पूर्वी विड्या वळणाऱ्याही धरा. घराला कुलूप असेल तर शेजारचे घर घेऊ नका. संध्याकाळी पुन्हा जा.

कन्नड प्रश्नावली हवीच. एकाने मराठीतून कन्नड करावी, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत मराठीत आणावी, मग दोन्ही मराठी मसुदे ताडून पाहावेत. नुसते ‘खोकला आहे का?’ विचारून भागत नाही. सलग दोन वर्षे, दरवर्षी किमान तीन महिने, बहुतेक दिवस कफासह खोकला येतो का, असे तुकडे पाडून विचारा. मुलाखत घेणाऱ्यांना गावे आलटून पालटून द्या, नाहीतर फरक गावाचा की विचारणाऱ्याचा, हे कधीच कळणार नाही.

अहवालात किती जणींकडे गेलात, किती भेटल्या नाहीत, किती नाही म्हणाल्या, हे आकडे गाववार द्या. विडी न वळणाऱ्या महिलांचा गट तुलनेला नसेल, तर ‘तंबाखूमुळे खोकला’ असे लिहू नका. फक्त प्रमाण सांगा.