आम्ही अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लँकास्टर काउंटीत राहतो, इथे शेजारणीच्या मेनोनाइट (ख्रिश्चनांचा एक पंथ) चर्चमधून सीरियाच्या निर्वासितांसाठी सामान गोळा करतायत, त्यात जुने कपडे आणि साड्या दिल्या तर चालतात का? आपण ख्रिश्चन नसलो तरी मदतीला जाता येतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, बिनधास्त जा. मी पण लँकास्टर काउंटीतच राहते आणि वेळ मिळेल तशी एफ्राटाला एमसीसीच्या म्हणजे मेनोनाइट सेंट्रल कमिटीच्या सेंटरवर जाते, तुमच्या शेजारणीचं चर्च मेनोनाइट आहे म्हणालात म्हणजे सामान बहुतेक तिकडेच जात असणार. तुमचा धर्म कोणी विचारत नाही, आणि ज्यांना सामान मिळतं त्यांचाही विचारत नाहीत. ही मंडळी 1920 पासून हे करतायत, सुरुवात झाली ती युक्रेनकडच्या दुष्काळात आपल्याच पंथाच्या लोकांना धान्य पाठवण्यापासून.

आता कपडे. जुने कपडे पाठवू नका. कोणाला काय मापाचं लागेल, तिकडे थंडी किती, काय माहीत, निवडत बसायला माणसं लागतात आणि कंटेनरचं भाडं वेगळंच. ते कपडे एमसीसीच्या थ्रिफ्ट शॉपला द्या, तिथे विकले जातात आणि पैसे मदतीला जातात.

पाठवायचं असेल तर रिलीफ किट भरा. पाच गॅलनची झाकणाची प्लास्टिक बादली, तिच्यात अंगाचे साबण, कपड्याचे साबण, टूथब्रश आणि टॉवेल प्रत्येकी चार, शिवाय शाम्पू, कंगवे, नेलकटर, बँडेडच्या पट्ट्या, सॅनिटरी पॅड, सगळं कोरं आणि पाकीट न फोडता. यादी मधून मधून बदलते, साइटवरची ताजी बघून घ्या. आपल्याला वाटतं त्यात चॉकलेट टाकावं, मुलांना एखादं खेळणं टाकावं, तर ते नको, कारण वाटताना एकाच्या बादलीत जास्त आणि दुसऱ्याच्या कमी निघालं की तिथे भांडणं, आणि वाटणारे तिथल्याच स्थानिक संस्थांचे लोक असतात, निस्तरावं त्यांना लागतं. सामान संपल्यावर बादली पाणी भरायला उरते, मला तर सगळ्यात कामाची तीच वाटते.

साड्यांचं मात्र विचारून बघा. तिथे कम्फर्टर बनवतात, म्हणजे आपली गोधडीच, फक्त धावदोरा नाही घालत, वरचं कापड, मधलं बॅटिंग म्हणजे कापसासारखा भरावाचा थर आणि खालचं कापड यातून जाड क्रोशाचा दोरा आरपार काढून थोड्या थोड्या अंतरावर गाठी मारतात. टेबलाभोवती सगळ्या आज्या बसलेल्या असतात, हात चालू, गप्पा चालू. धडकं कॉटन असेल तर घेतीलही, पण जरी, शिफॉन, जॉर्जेट नेऊ नका, धुण्यात टिकत नाही. आधी फोन करा.

आणि हो, रंगाची किंवा केमिकलची रिकामी बादली धुऊन देऊ नका, नवीनच घ्या आणि झाकण घट्ट बसतंय का दुकानातच बघा.