एमआरआयमध्ये फ्री रॅडिकल्स दिसतात का?

प्रश्न : वडिलांच्या पाठदुखीसाठी येथेच एमआरआय काढला. त्याच सुमारास हुतात्मा स्मृती मंदिरातील एका व्याख्यानात फ्री रॅडिकल्समुळे पेशींची हानी होते, असे ऐकले. मग एमआरआयच्या चित्रांत ते का दिसत नाहीत?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या वडिलांची चित्रे ऊतींमधील पाणी व चरबी यांतल्या हायड्रोजनच्या केंद्रकांनी, म्हणजे प्रोटॉनांनी, दिलेल्या संकेतांतून तयार झाली आहेत. फ्री रॅडिकल या अतिक्रियाशील अणूची वा रेणूची खूण मात्र त्याच्यातील जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन ही असते. त्याचा संकेत टिपणारी इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स ही पद्धत सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ येवगेनी झावोइस्की यांनी १९४४ मध्ये कझान येथे शोधली.

इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट असते, आणि पहिली अडचण त्यातूनच उद्भवते. १.५ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षमतेच्या यंत्रात प्रोटॉनला ६४ मेगाहर्ट्झच्या लहरी पुरतात, तर इलेक्ट्रॉनला सुमारे ४२ गिगाहर्ट्झचे सूक्ष्मतरंग लागतील, जे वरच्या थरातील पाण्यातच शोषले जाऊन ऊती तापवतील आणि आत पोहोचणारच नाहीत. म्हणून सजीवांसाठी चुंबकीय क्षेत्र सुमारे १० मिलिटेस्लापर्यंत उतरवतात. मग २८० मेगाहर्ट्झच्या लहरींवर काम भागते आणि उंदरासारख्या लहान प्राण्याच्या शरीराचे चित्र घेता येते.

दुसरी अडचण मला अधिक मूलभूत वाटते. हायड्रॉक्सिल रॅडिकल नॅनोसेकंदांत शेजारच्या रेणूशी अभिक्रिया करून संपतो, त्यामुळे चित्र घेण्याइतका तो कधीच साठत नाही. यावर उपाय म्हणून संशोधक नायट्रॉक्साइडसारखे टिकाऊ रॅडिकल प्राण्याला शिरेतून देतात आणि त्यांचा संकेत कोणत्या भागात किती वेगाने विरतो, याचा नकाशा काढतात. अर्थात चित्रात दिसतो तो बाहेरून दिलेला रॅडिकल. शरीरात घडणाऱ्या रॅडिकल्सविषयी त्यावरून केवळ अनुमान करता येते, आणि हा भेद सांगितल्याशिवाय अशी चित्रे दाखवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एमआरआय आणि इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स या दोन पद्धतींची सांगडही घालता येते. भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी १९५३ मध्ये वर्तवलेल्या परिणामानुसार, रॅडिकलच्या इलेक्ट्रॉनला उद्दीपित केले की त्याचे ध्रुवीकरण (चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने रांगेत लागण्याचे प्रमाण) जवळच्या पाण्यातील प्रोटॉनांकडे जाते आणि तेवढ्या भागातील एमआरआय संकेत पालटतो. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे डेव्हिड लुरी व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये या तत्त्वावर प्रतिमा घेतल्या.

माणसांत इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सचा वापर अजून मर्यादित आहे. मात्र किरणोत्सर्गाने दातांच्या एनॅमलमध्ये निर्माण झालेले रॅडिकल्स वर्षानुवर्षे टिकत असल्यामुळे, दात न काढता तोंडातच मोजमाप करून एखाद्याला किरणोत्सर्गाची किती मात्रा मिळाली हे ठरवण्याची पद्धत त्यातून विकसित झाली आहे.