घरच्याच शेतात राबणाऱ्या बाईला सरकारी सर्व्हेत बेरोजगार धरतात का?

नाही, तिला बेरोजगार नाही तर रोजगारात धरतात, हातात एक रुपया मजुरी पडत नसली तरी. मी कॉलेजात श्रम अर्थशास्त्र शिकवतो आणि पीएलएफएस, म्हणजे २०१७ पासून चालू असलेला केंद्राचा रोजगाराचा सर्व्हे, त्याचीच आकडेवारी वापरतो. त्यात घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदत करणाऱ्यांना वेगळा कोड आहे, २१, आणि वर्षात ३० दिवस जरी असं काम केलं, बाकी वर्षभर घरकामच असलं, तरी ती रोजगारातच मोजली जाते. बेरोजगार कोण, तर काम नाही पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे असा माणूस. म्हणजे बघा, बाई घरच्या रानात कापूस वेचायला गेली तर रोजगारात, पण सरपण गोळा करून आणलं, स्वयंपाक केला, सासूचं दुखणंखुपणं काढलं आणि एवढंच केलं तर ती श्रमशक्तीच्या बाहेरच, म्हणजे रोजगारातही नाही आणि बेरोजगारांतही नाही, हे मला अजिबात पटत नाही आणि वर्गात मी ते दरवर्षी सांगतो.

फक्त एक लक्षात ठेवा, १५ वर्षं आणि त्यावरच्या स्त्रियांचा श्रम सहभाग (म्हणजे रोजगारात किंवा बेरोजगारांत मोजलेल्यांचं प्रमाण) २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला असं वाचाल तेव्हा तेवढ्या बायकांना पगाराच्या नोकऱ्या लागल्या असा अर्थ काढू नका, यात स्वयंरोजगार आणि ही बिनपगारी मदत खूप मोठी आहे, त्यामुळे कोडनिहाय टेबल उघडून बघाच.