हळदीच्या पाकिटावर काय छापावं?

प्रश्न: सांगलीत आमचा हळदीचा अडत व्यवसाय आहे. मुलगी एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिने वनस्पतींमधले रेणू ‘सर्ट-१’ या वार्धक्याशी जोडल्या जाणाऱ्या एन्झाइमवर संगणकात डॉक करून, म्हणजे ते त्याच्या खोबणीत कसे बसतात ते पाहिले. ऑटोडॉक विना या सॉफ्टवेअरमध्ये हळदीतलं कर्क्युमिन उणे ८.४ गुण मिळवून यादीत पहिलं आलं. आमच्या पाकिटांवर ‘वार्धक्य लांबवते’ असं छापावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: छापू नका. मुलीचं काम मात्र पुढे न्यायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विना हे सॉफ्टवेअर रेणूला एन्झाइमच्या खोबणीत हजारो तऱ्हांनी वळवून बसवून बघतं आणि तो किती घट्ट बसेल याचा अंदाज किलोकॅलरीत देतं; आकडा जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट. या अंदाजात जवळपास पावणेतीन किलोकॅलरींची चूक असते, हे ते तयार करणाऱ्यांनीच २०१० मध्ये लिहून ठेवलं आहे. साधारण १.४ किलोकॅलरींचा फरक म्हणजे पकडीत दहापट फरक. तेव्हा उणे ८.४ आणि उणे ७.९ यांत डावं-उजवं ठरवता येत नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. सर्ट-१चं काम वाढावं अशी आपली अपेक्षा, पण खोबणीत जाऊन बसलेला रेणू बहुतेक वेळा ते काम अडवतो. गुण बघून यातलं काय होणार ते कळत नाही.

द्राक्षांतल्या रेस्व्हेराट्रॉलचं उदाहरण बघा. ते सर्ट-१ला चालना देतं असं २००३ मध्ये जाहीर झालं, तेही प्रयोगशाळेतल्या चाचणीवरून. अशाच रेणूंवर काम करणारी सर्ट्रिस कंपनी ग्लॅक्सो या औषध कंपनीने २००८ मध्ये ७२ कोटी डॉलरना घेतली. पुढे लक्षात आलं, की चाचणीतल्या पेप्टाइडला (ज्यावर एन्झाइम काम करतं त्या प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला) चमकणारा रंग जोडला होता आणि तो काढला की ती चालना दिसेनाशी होते. काही विशिष्ट पेप्टाइडांबरोबर ती खरीच मिळते, असं २०१३ मध्ये दाखवलं गेलं, पण सरसकट दावा टिकला नाही. कर्क्युमिन तर स्वतःच पिवळं आणि स्वतःच चमकणारं, म्हणजे अशा चाचणीत फसगत आणखी सोपी! शिवाय ते अनेक प्रथिनांना चिकटतं, पाण्यात लवकर तुटतं आणि खाल्ल्यावर रक्तात फारच थोडं पोहोचतं.

मुलीला सांगा, एन्झाइमच्या स्फटिकरचनेत (स्फटिकावरून काढलेल्या त्याच्या त्रिमितीय नकाशात) आधीपासून असलेला रेणू बाहेर काढून पुन्हा डॉक कर. तो मूळ जागेपासून दोन अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलीमीटरचा एक कोटीवा भाग) आत बसला नाही, तर आधी मांडणी सुधार. मग या एन्झाइमवर परिणाम न करणारे निष्क्रिय रेणू मिसळून यादी पुन्हा लाव. तरीही कर्क्युमिन वर राहिलं, तर रंग न जोडलेल्या पेप्टाइडवर खरी चाचणी करून घे. चाचणीत थोडं डिटर्जंट घालायला विसरू नको, कारण रेणूंचे पुंजके झाले तरी एन्झाइम बंद पडतं आणि आपली फसगत होते.

चाचणीत काहीच हाती लागलं नाही, तरी तो निकाल प्रबंधात जसाच्या तसा यावा. मार्गदर्शक कुरकुरले तर हे उत्तर त्यांना दाखवा. पाकिटावर हळदीची जात आणि कर्क्युमिनचं तपासलेलं प्रमाण छापा. ते खरं आहे आणि गिऱ्हाइकाला उपयोगीही.