वाचक विचारतात: बॉटनिकल गार्डनला मदत करायचीय, पण नेमकी कशी?

प्रश्न: ताई, आम्ही जवळजवळ दर रविवारी बॉटनिकल गार्डनला जातो, तिकीट काढतोच. मग वेगळी वार्षिक मेंबरशिप कशाला घ्यायची? आणि तिथे कितीतरी पाट्या मोडलेल्या दिसतात, मग लोकांचा पैसा जातो कुठे?

तिकिटाचा पैसा आणि मेंबरशिपचा पैसा यात खूप फरक आहे. आठवडाभर पाऊस लागला किंवा शाळांच्या परीक्षा आल्या की तिकीटबारी ओस पडते, पण झाडांना पाणी, काचघराची वीज, माळ्यांचे पगार हे काही थांबत नाही. मेंबरशिपचे पैसे आधीच हातात आलेले असतात त्यामुळे बागेला वर्षाचं गणित मांडता येतं. दुसरं म्हणजे नवीन काचघर बांधायला देणगीदार मिळतात, दारावर नाव लागतं ना, पण जळालेला पंप दुरुस्त करायला कुणी देणगी देत नाही, आणि मोडलेल्या पाट्या बदलायलाही नाही. ते सगळं या छोट्या छोट्या रकमांवरच चालतं. पैसा कुठे गेला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, मेंबर झालात की वार्षिक अहवाल मागा, मी तर दरवर्षी मागते आणि वाचते.

आता हे सगळं कशासाठी तर एक गोष्ट सांगते. हिंदी महासागरात रॉड्रिग्ज नावाचं छोटं बेट आहे, तिथलं कॅफे मॅरॉन हे झाड नामशेष झालं असंच सगळे धरून चालले होते, आणि १९८० मध्ये शाळेतल्या एका मुलाला ते सापडलं. एकच झाड! त्याच्या फांद्या लंडनच्या क्यू गार्डनला पाठवल्या, तिथे त्या रुजल्या, फुलंही यायला लागली पण बी काही धरेना. वर्षं गेली. शेवटी तिथल्या कार्लोस मॅग्डालेना यांनी पुन्हा पुन्हा परागीकरणाचे प्रयोग केले तेव्हा कुठे बी मिळालं, आणि त्या झाडाचा वंश परत आपल्या बेटावर गेला. मला यातली मधली वर्षं सगळ्यात महत्त्वाची वाटतात, काही घडत नव्हतं तेव्हाही कुणीतरी त्या कुंडीला नेमाने पाणी घालत होतं. तुमची मेंबरशिप म्हणजे ते पाणी आहे. म्हणून एकदाच मोठी रक्कम देऊन विसरण्यापेक्षा साधी मेंबरशिप घ्या आणि ती न चुकता रिन्यू करा.

प्रश्न: मी कॉमर्सला आहे, बॉटनीतलं काहीच येत नाही. तरी व्हॉलंटियर म्हणून घेतील का?

घेतील, नक्की घेतील! बहुतेक ठिकाणी सुरुवात तण काढण्यापासूनच होते आणि त्यातूनच झाडं ओळखायला यायला लागतात. फक्त एक नियम आजच लिहून ठेव, विचारल्याशिवाय काहीही उपटायचं नाही. मी पहिल्याच महिन्यात तण समजून दोन रोपं उपटली होती, त्यांचं लेबल मातीखाली गेलं होतं. ती दुर्मिळ होती, पुन्हा मिळाली नाहीत, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

त्या दिवशी मला लेबल म्हणजे काय ते कळलं. बागेत आलेल्या प्रत्येक रोपाला एक नोंद क्रमांक मिळतो, तोच लेबलवर असतो, पुष्कळ बागांत आधी साल आणि मग त्या वर्षातला अनुक्रमांक अशी पद्धत असते, आणि ते रोप कुठून आलं, कुणी आणलं, बियाणं की कलम हे सगळं त्या क्रमांकाखाली लिहिलेलं असतं. झाडाचं शास्त्रीय नाव उद्या बदलू शकतं, क्रमांक बदलत नाही. इटलीत पादुआच्या बागेत १५८५ साली लावलेलं एक पामचं झाड अजून जिवंत आहे, म्हणजे बघ माळ्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील, आठवणीवर कसं चालेल? नोंद हरवली की उरतं ते नुसतं शोभेचं झाड. तू कॉमर्सची आहेस ना, मग नोंदवही आणि प्रत्यक्ष झाडं ताडून बघण्याचं काम माग, ते नेहमी मागे पडलेलं असतं आणि त्याला हिशेबी डोकं लागतं.

आणि वेळ थोडाच दे पण ठरलेला दे. आठवड्यातून दोन तास, त्याच वारी, त्याच वेळी. वीस जण एक दिवस येऊन फोटो काढून जातात त्यापेक्षा माळ्यांना असा एक माणूस कितीतरी जास्त उपयोगी पडतो. परीक्षा असेल तर आधी कळव, म्हणजे तुझ्या भरवशावर ठेवलेली रोपं सुकणार नाहीत.

प्रश्न: मी रिटायर्ड आहे, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. माझा काही उपयोग होईल का?

काका, बसून करायची कामं भरपूर असतात. बियाणं साफ करून पाकिटात भरायचं, हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, नमुने कागदावर चिकटवायचे, जुन्या नमुन्यांवरचं हस्ताक्षर वाचून कॉम्प्युटरवर उतरवायचं. हे शेवटचं तर तुमच्याच पिढीला जमेल, तिरक्या अक्षरातली जुनी नावं तरुण मुलांना लागतच नाहीत. आणि चालायला जातच असाल तर ठरावीक दहा झाडं निवडून त्यांना पालवी कधी फुटली, पहिलं फूल कधी आलं याच्या तारखा लिहीत जा. पाच-सात वर्षांच्या अशा तारखा जमल्या की ऋतू पुढे-मागे सरकताहेत का ते त्यावरून दिसायला लागतं.

प्रश्न: घरच्या कुंडीतली झाडं बागेला दिली तर चालतील का?

न विचारता नेऊन ठेवू नका. एका कुंडीतून पिठ्या ढेकूण आला तर पूर्ण काचघरात पसरतो, म्हणून बाहेरून आलेलं रोप आधी वेगळं ठेवावं लागतं आणि ती जागा मोजकीच असते. शिवाय रोप मुळात कुठलं हे माहीत नसेल तर संग्रहाला त्याचा फारसा उपयोग नसतो. आधी फोटो पाठवा, कुठून आणलं ते लिहा, त्यांनी हो म्हटलं तरच न्या.