ती पळाली ते पटतं, पण त्याच्या आधी तो काय म्हणाला ते बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि तिथेच अडकले, कारण प्रश्न तुमचा असला तरी दुखणं माझं जुनं आहे. तुम्ही लिहिलंय की १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट' बघितला, त्यात घरातून पळालेली श्रीमंत मुलगी एली रात्री स्वतः होऊन सोबत प्रवास करणाऱ्या बातमीदार पीटरला प्रेमाची कबुली देते, उजाडायच्या आत तिथून निघून जाते, वडिलांकडे परत जाऊन, ज्याच्यासाठी घर सोडलं होतं त्या आधीच्याच माणसाशी लग्नाला उभी राहते आणि ऐन लग्नातून पुन्हा पळते, तर हे पटतं का. आणि तुमच्या स्वतःच्या एकांकिकेत पण असाच सीन आहे, मुलगी सांगते आणि निघून जाते, आणि बसवणारे सर म्हणतात पळणं काढून टाक, लोकांना झेपणार नाही. काढू नका. आधी एवढंच सांगते, मग बाकीचं.

(मी सिनेमाचा अभ्यास वगैरे केलेला नाही, माझी नोकरी पूर्ण वेगळी आहे. नागपुरात दहाएक वर्षं एकांकिका आणि दोन शॉर्ट फिल्म, एवढ्या जोरावर बोलतेय. कोणाला वेगळं वाटत असेल तर जरूर लिहा.)

दिग्दर्शक कोण, ऑस्कर किती मिळाले, आपल्याकडे त्याच कथेवर 'चोरी चोरी' आणि 'दिल है के मानता नहीं' कसे आले हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते. मुद्द्याचं म्हणजे आपण कबुली आणि पळणं एकाला एक चिकटवून लक्षात ठेवतो आणि मधलं विसरतो. मधे काय आहे? एकाच खोलीत दोन पलंग, मधे दोरीवर टाकलेली चादर. तो अंधारात पडल्या पडल्या स्वतःशी बोलल्यासारखा सांगतोय की कुठल्यातरी बेटावर जावं, सोबत अशी अशी मुलगी असावी. ती ऐकतेय. मग ती चादरीच्या पलीकडे येते, मला घेऊन चल म्हणते, प्रेम आहे म्हणते, रडते. आणि तो तिला काय सांगतो? की जा, आपल्या पलंगावर जाऊन झोप.

हे आहे तिला मिळालेलं उत्तर.

पुढे तो विचार करून तिला हाक मारतो, खरंच म्हणालीस का असं विचारतो, पण तोवर ती रडून रडून झोपलेली असते. मग हा गाडी घेऊन न्यूयॉर्कला जातो, कारण खिशात पैसे नाहीत आणि पैशाशिवाय लग्नाचं कोणत्या तोंडानं विचारणार, म्हणून आपल्या संपादकाला हीच सगळी हकीकत विकून हजार डॉलर आणायचे. इकडे त्या मुक्कामाच्या जागेचे मालक नवराबायको बघतात गाडी नाही, तिला झोपेतून उठवतात आणि बाहेर काढतात. तिच्याजवळ पैसे नाहीत. ती वडिलांना फोन करते.

आता त्या मिनिटाला तिला काय काय माहीत आहे तेवढंच धरा. एक, मी मनातलं सगळं सांगितलं. दोन, तो म्हणाला झोप जा. तीन, जाग आली तर तो नाही, गाडी नाही. एवढंच. तो संपादकाकडे गेलाय, त्याने नंतर हाक मारली होती, हे आपल्याला माहीत आहे, तिला नाही. आपण चादरीच्या दोन्ही बाजूंनी बघतोय आणि मग तिला वेडी ठरवतोय, हे मला बिलकुल पटत नाही. तिथे ती पळालेली पण नाहीये, तिला घालवलंय. आणि एक गोष्ट मान्य करते, तिथे कथेत थोडं ढिलं आहे, कारण हा माणूस पेपरवाला, लिहिण्यावर ज्याचं पोट आहे, त्याला उशीजवळ दोन ओळींची चिठ्ठी ठेवता आली नाही? तुमची चिडचिड तिच्यावर नको, याच्यावर असायला पाहिजे. "कबुली देऊन पळून जाते" हे सगळे नायिकेबद्दल विचारतात, तो उत्तर न देता गेला हे कोणी विचारत नाही. मला याचा खूप राग येतो, आमच्या ग्रुपमध्ये पण यावर माझी भांडणं झालीत.

लग्नातलं पळणं तर मला सगळ्यात जास्त पटतं. सुरुवात आठवा, वडिलांनी बोटीवर अडकवून ठेवलेलं असतं तर ही सरळ पाण्यात उडी मारते आणि पोहत निघून जाते. म्हणजे न पटलेल्या जागेवरून धूम ठोकणारी मुलगी हे पहिल्या काही मिनिटांतच दाखवून झालंय. शेवटी ती तेच करते, फक्त तेव्हा वडिलांपासून पळाली होती आणि आता वडीलच कानात सांगतात की गाडी उभी आहे. आणि का सांगतात, तर तो पीटर त्यांच्याकडे येऊन तिला शोधून देण्याचं दहा हजार डॉलरचं बक्षीस नाकारतो आणि फक्त झालेला खर्च मागतो, ३९ डॉलर ६० सेंट. तिच्या कबुलीचं उत्तर हे आहे, तो आकडा. उशिरा मिळालं, वडिलांच्या तोंडून मिळालं, पण मिळालं. मग ती पळाली. उत्तर मिळाल्यावर पळाली! त्यात न पटण्यासारखं काय आहे?

आता माझं सांगते, म्हणजे मधला भाग नसला की काय होतं ते कळेल.

आमच्या शॉर्ट फिल्ममध्ये मुक्ता नावाची मुलगी आहे, झेरॉक्सच्या दुकानात काम करणारी, आणि समीर, दोघं रोज सोबत घरी जातात. एक दिवस त्याची गाडी बंद पडते, तो रस्त्याच्या कडेला बसून प्लग काढतोय, आणि ती उभ्या उभ्या सांगून टाकते. मी लिहिलं होतं ते असं, ती सांगते, तो वर बघत नाही, हात पुढे करतो आणि म्हणतो, "पाना दे." ती डिक्कीतून पाना काढून देते. तो प्लग तिच्या हातात ठेवतो, धर जरा म्हणून. काळाकुट्ट झालेला प्लग. तिच्या तळहातावर काजळी लागते, ती ते बघते, ओढणीला हात पुसते, पुसलं जात नाही, डाग पसरतो. मग प्लग सीटवर ठेवते, बॅग उचलते आणि पळत जाऊन समोरची सिटी बस पकडते. एवढंच. संवाद जवळपास नाहीच.

स्पर्धेची मर्यादा होती १२ मिनिटं आणि आमची झाली १२ मिनिटं ५० सेकंद. ५० सेकंद कुठून काढायचे? एडिट करणारा मुलगा म्हणाला, "ताई, हे पाना-प्लगचं काढू ना, यात काही होऊनच नाही रायलं." आणि मी हो म्हटलं. मी लिहिलेलं, मला माहीत होतं त्यात काय आहे, तरी रात्रीचे दोन वाजले होते, सकाळी फाइल द्यायची होती आणि मी हो म्हटलं. माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

स्क्रीनिंगला काय झालं, मुक्ता म्हणते प्रेम आहे, कट, मुक्ता बसमागे धावतेय. मागच्या रांगेतून एक जण मोठ्याने, "काहून पळून रायली बे ही?" आणि पूर्ण हॉल हसला. तिचं काम करणारी मुलगी माझ्या शेजारी बसली होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही, स्क्रीनकडेच बघत राहिली. ते मला आजही आठवतं. तिची काही चूक नव्हती. परीक्षकांनी पण तेच म्हटलं, नायिकेचं वागणं अनाकलनीय.

तेव्हा लगेच ठरवलं की तो तुकडा परत घालू, स्पर्धा गेली तर गेली, निदान बाकी ठिकाणी दाखवू. तर कळलं की कार्ड फॉरमॅट केलंय, दुसऱ्या कोणाच्या लग्नाच्या शूटसाठी. कॉपी एकच होती आणि त्यात कापलेले शॉट्स नव्हते. परत शूट करायचं तर मूळ जागा पाहिजे. पहिल्या वेळी कोणी अडवलं नव्हतं पण आता तिथे बोर्ड लागला होता परवानगीचा. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी अर्ज तीन प्रतीत आणा. दुसऱ्या खेपेला नकाशा जोडा, कॅमेरा कुठे उभा राहील ते दाखवा. तिसऱ्या वेळी साहेब दौऱ्यावर. चौथ्या वेळी टेबलावरचे भाऊ म्हणाले, हे आमच्याकडे येतच नाही, तुम्ही आधी विचारायला पाहिजे होतं. आधी विचारायला पाहिजे होतं! मग काय तीन वेळा गंमत म्हणून आले होते का? १९ दिवस गेले त्यात, आणि तोवर समीरचं काम करणारा नोकरीसाठी पुण्याला गेला. संपलं. एखादी गोष्ट होणार नसेल तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा, माणूस दुसरी सोय बघतो, एवढी साधी अपेक्षा असते हो.

असो, भरकटले. पण पुढे कधी तुम्ही पण शूट करणार असाल तर दोन गोष्टी ऐकून ठेवा, कापलेलं सगळं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि नागपुरात मे महिन्यात गल्लीत शूट करू नका, ऊन सकाळी सहाला उरकून टाळता येतं पण प्रत्येक खिडकीतल्या कूलरची घरघर आवाजात येते, ती नंतर निघत नाही आणि कूलर बंद करा म्हणून ४५ डिग्रीत कोणाला सांगणार.

तर तुमचा सीन. तुम्ही पोस्टमध्ये कबुलीचा संवाद पूर्ण दिलाय, छान आहे, थोडा लांब आहे. पळणं पण दिलंय. पण मधे तो काय करतो हे एका ओळीत, "तो स्तब्ध होतो." सरांना खटकतंय ते पळणं नाही, मला वाटतं ही ओळ खटकतेय, फक्त त्यांनी बोट भलतीकडे ठेवलंय. स्तब्ध होणं रंगमंचावर दिसत नाही, शेवटच्या रांगेला तर नाहीच. त्याला काहीतरी करायला द्या. फोन उचलू दे, चप्पल शोधू दे, चहाचे पैसे देऊ दे, काहीही, पण तिला उत्तर न देणारं. आणि ते तिने बघितलं पाहिजे. तिच्या तोंडी कारण घालू नका, "तू काहीच बोलला नाहीस म्हणून मी जाते" असं तिने म्हटलं की सगळं गेलं. आणि जमलं तर सुरुवातीला एकदा तिला कुठल्यातरी नकोशा जागेवरून उठून जाताना दाखवा, साधं घरच्या जेवणावरून उठली तरी चालेल. हे माझं मत, नियम नाही, सरांचा अनुभव माझ्याहून जास्त असू शकतो.

दोन वर्षांनी आम्ही त्याच शॉर्ट फिल्मची एकांकिका केली, देशपांडे सभागृहात. गाडी स्टेजवर आणायला परवडत नव्हतं म्हणून उलटी करून ठेवलेली जुनी सायकल आणली, प्लगच्या जागी चेन, बाकी सगळं तसंच ठेवलं. ती सांगते, तो म्हणतो पाना दे. ती देते. चेनचं काळं ग्रीस हाताला लागतं, ती ओढणीला पुसते. मी विंगेत उभी होते, पोटात गोळा आला होता, आता हसतात की काय. कोणी हसलं नाही. आणि तिने बॅगला हात लावायच्या आधीच पुढच्या रांगेतल्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या, आवाज विंगेपर्यंत आला, "गेली आता पोरगी."

तुमचा तो मधला भाग लिहून झाला की इथेच टाका, मी वाचते. तालीम कधीपासून आहे तेही सांगा.