छायाचित्रांचे ओझे आणि देवनागरी फॉन्ट

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाचे संकेतस्थळ आम्ही काही कार्यकर्ते सांभाळतो. त्यावर लेख आणि कार्यक्रमांची छायाचित्रे असतात. मोबाइलवर पान उघडायला फार वेळ लागतो आणि महिन्याची बँडविड्थ, म्हणजे वाचकांकडे माहिती पाठवण्याची ठरलेली मर्यादा, वीस तारखेलाच संपते. होस्टिंग कंपनी मोठा प्लॅन घ्या म्हणते. दुसरा काही उपाय आहे का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : मोठा प्लॅन तूर्त घेऊ नका. त्याने बँडविड्थची मर्यादा वाढेल. पानाचे वजन मात्र तेवढेच राहील आणि वाचकाला तितकेच थांबावे लागेल. आधी सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग (कोणती फाइल कधी मागितली गेली याची नोंदवही) उघडून कोणत्या फायली सर्वाधिक बाइट खातात ते पाहा. तुमचे वर्णन वाचता छायाचित्रेच वर निघतील, असे मला वाटते.

मोबाइलने काढलेले छायाचित्र सहज ४ एमबीचे असते. अशी १२ छायाचित्रे एका पानावर असतील तर ४८ एमबी झाले, आणि ते पान १०० जणांनी उघडले की ४.८ जीबी संपले. पानावर दिसणारे चित्र लहान असले, तरी मूळ फाइल पूर्णच उतरवली जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून चित्राची रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत कमी करून ते वेबपी (WebP) या कमी जागा घेणाऱ्या चित्र-स्वरूपात साठवा. सुमारे १५० केबीत चांगले चित्र मिळते, म्हणजे तेच पान दोन एमबीच्या आत येते. खालच्या चित्रांना ‘लेझी लोडिंग’ लावा, म्हणजे वाचक तिथवर पोचेल तेव्हाच ती उतरवली जातील. मात्र पान उघडताच समोर दिसणाऱ्या चित्राला ते लावू नका, कारण तेच उशिरा येऊ लागते.

लेखांची चिंता त्यामानाने कमी आहे. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एकच. पण त्या तिनांपैकी पहिले दोन बाइट सतत तेच ते येत असल्याने जीझिप किंवा ब्रॉटली या फाइल आवळून लहान करणाऱ्या पद्धतींनी मराठी मजकूर फार छान आवळला जातो. ही सोय सर्व्हरवर सुरू आहे ना, एवढे पाहा. जेपेग किंवा वेबपी फायली मुळातच आवळलेल्या असतात, त्यांना ती लावून काही हाती लागत नाही.

बोधचिन्ह, फॉन्ट, स्टाइलशीट या क्वचित बदलणाऱ्या फायलींसाठी कॅश-कंट्रोलमध्ये (ब्राउझरने फाइल किती काळ जपून ठेवावी हे सांगणाऱ्या सूचनेत) एक वर्षाची, म्हणजे ३१५३६००० सेकंदांची मुदत द्या. मग नेहमीच्या वाचकाचा ब्राउझर त्या फायली सहसा पुन्हा मागणार नाही. फाइल बदलली की तिचे नावही बदला, नाहीतर वाचकाला जुनीच दिसत राहील.

देवनागरी फॉन्टबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इंग्रजी मार्गदर्शनात हा भाग बहुधा सुटतो. जोडाक्षरांच्या आकृत्यांमुळे आपले फॉन्ट जड असतात. तीन-चार वजने (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) न घेता साधे आणि ठळक एवढीच ठेवा, आणि फाइल वॉफ-२ (WOFF2) या वेबसाठीच्या आवळलेल्या फॉन्ट-स्वरूपात द्या. फॉन्ट छाटून लहान करणार असाल तर जोडाक्षरांचे नियम गाळले जाऊ देऊ नका. ते गेले की ‘क्षेत्र’ या शब्दात पाय मोडलेली सुटी अक्षरे दिसू लागतात. मराठी वाचनालयाच्या पानावर असे शब्द दिसणे मला अजिबात पटणार नाही, म्हणून छाटलेला फॉन्ट चढवण्यापूर्वी ‘ज्ञानेश्वर’, ‘राष्ट्र’, ‘तऱ्हा’ आणि ‘वाङ्मय’ हे शब्द त्यात लिहून, मोबाइल व संगणक दोन्हींवर नीट पाहून घ्या.